ध्वनिक्षेपकाचा संरोध आणि त्याचे पूरक मंडल : श्रवणचाचणीच्या दृष्टीने एक विवेचन

१. प्रास्ताविक

उच्चारित ध्वनींच्या अभ्यासात श्रवणचाचणीला पुराव्याचे स्थान आहे. एखादा मुद्रित उच्चार श्रोत्यांच्या समूहाला ऐकवावा, त्यांनी तो कोणता वर्ण म्हणून ओळखला याची नोंद घ्यावी आणि त्या नोंदींवरून भाषेतील भेदांविषयी अनुमान काढावे, अशी ही पद्धती आहे. या पद्धतीत वक्त्याची निवड, शब्दांची यादी आणि श्रोत्यांची बोली यांविषयी संशोधक पुष्कळ दक्षता बाळगतात. मात्र मुद्रण आणि श्रोता यांच्या मध्ये जो लाउडस्पीकर, म्हणजेच ध्वनिक्षेपक, येतो, त्याच्याविषयी अहवालांत सहसा एखादे वाक्य असते किंवा तेही नसते. पुराव्याची वाहतूक करणारे हे साधन स्वतःच पुराव्यात फेरफार करीत असेल, तर अनुमान भाषेविषयीचे आहे की उपकरणाविषयीचे, हे सांगता येणार नाही.

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. ‘चार’ या संख्यावाचक शब्दातील च तालव्य आहे, तर ‘चारा’ या शब्दातील च दंततालव्य आहे. ‘थोडे’ या अर्थाचा ‘जरा’ आणि ‘वार्धक्य’ या अर्थाचा ‘जरा’ हे लेखनात एकरूप आहेत. त्यांना वेगळे करते ते केवळ उच्चारण. लिपी येथे साहाय्य करीत नसल्यामुळे निवाडा कानावरच सोपवावा लागतो. कानाला उपलब्ध होणाऱ्या खुणांपैकी एक महत्त्वाची खूण म्हणजे घर्षणजन्य आवाजाचे कंप्रतांनुसार वाटप. ढोबळमानाने बोलावयाचे तर तालव्य घर्षणात २००० ते ३००० हर्ट्झच्या आसपासपासूनच पुष्कळ ऊर्जा असते. दंततालव्य घर्षणात ती मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वर एकवटलेली असते. या दोन पट्ट्यांतील ऊर्जेचे परस्परप्रमाण बिघडले, तर एका च ची खूण दुसऱ्याच्या खुणेकडे सरकते.

दुर्दैवाने, वर्गात किंवा सभागृहात वापरल्या जाणाऱ्या दोन एककांच्या ध्वनिक्षेपक-पेटीत सांधा येतो तो बहुधा याच प्रदेशात. मोठा वूफर खालच्या कंप्रता उचलतो, लहान ट्वीटर वरच्या. आणि त्यांच्यातील कामाची वाटणी अनेकदा २००० ते ३५०० हर्ट्झच्या दरम्यान केलेली असते. ही वाटणी करणारे फिल्टर नीट चालण्यासाठी एक अट पाळावी लागते, ती म्हणजे ध्वनिक्षेपकाचा संरोध स्थिर असणे. ती अट निसर्गतः पाळली जात नाही. ती पाळली जावी म्हणून योजावयाच्या पूरक विद्युत् मंडलांचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. भाषाभ्यासकाला जेवढे अवश्य तेवढेच गणित येथे घेतले आहे.

२. ‘आठ ओहम’ या नावाचा अर्थ

ध्वनिक्षेपकाच्या पाठीवर ‘८ ओहम’ असे छापलेले असते. व्यवहारात ज्याला इंपीडन्स म्हणतात त्या राशीचा हा आकडा आहे. तिला येथे संरोध म्हटले आहे. प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहाला एखादे साधन एकंदर जो विरोध करते तो संरोध होय. साध्या रोधकाचा विरोध सर्व कंप्रतांना सारखाच असतो. ध्वनिक्षेपकाचा मात्र तसा नसतो. पाठीवरचा आकडा हे एक संकेतात्मक नाव आहे, वस्तुस्थितीचे वर्णन नव्हे. आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाच्या मानकानुसार त्याचा अर्थ इतकाच, की निर्धारित कंप्रतापट्ट्यात संरोध त्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली उतरू नये. म्हणजे ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकाचा संरोध ६.४ ओहमपेक्षा कमी असू नये. तो वर किती चढावा यावर हे नाव काही बंधन घालीत नाही.

आज सर्वत्र प्रचारात असलेल्या हलत्या वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाचे स्वरूप १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमधील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी प्रसिद्ध केलेल्या कार्यामुळे स्थिर झाले. कागदी शंकूला जोडलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे चुंबकाच्या अरुंद फटीत हलते, आणि शंकू हवेला ढकलतो. या रचनेमुळे संरोधाला तीन घटक प्राप्त होतात.

पहिला घटक म्हणजे तारेचा साधा रोध. तो जवळजवळ स्थिर असतो. विवेचनासाठी आपण तो ६ ओहम मानू.

दुसरा घटक म्हणजे वेटोळ्याची प्रवर्तकता. वेटोळे लोखंडी गाभ्याभोवती असल्यामुळे प्रवाहातील बदलाला ते विरोध करते आणि हा विरोध कंप्रतेबरोबर वाढत जातो. प्रवर्तकता ०.७२ मिलिहेन्री मानली, तर ३००० हर्ट्झला या घटकाचा विरोध सुमारे १३.६ ओहम होतो. रोध आणि प्रवर्तक विरोध यांची बेरीज साधी नसून काटकोन त्रिकोणाच्या भुजांप्रमाणे होते. तेव्हा एकूण संरोध सुमारे १४.८ ओहम येतो. तळाशी ६ ओहम असणारे साधन व्यंजनांच्या प्रदेशात जवळजवळ १५ ओहमचे बनलेले असते.

तिसरा घटक गतीपासून उद्भवतो. वेटोळे चुंबकीय क्षेत्रात हलत असल्यामुळे ते जनित्राप्रमाणे उलट दाब निर्माण करते. शंकू आणि त्याला धरून ठेवणारी लवचिक कडा यांची एक नैसर्गिक कंप्रता असते. त्या ठिकाणी, म्हणजे अनुस्पंदनस्थानी, थोड्या प्रवाहातही मोठी गती निर्माण होते, उलट दाब सर्वाधिक होतो आणि संरोधाचे एक उंच शिखर दिसते. वूफरच्या बाबतीत ५० हर्ट्झच्या सुमारास संरोध ६० ओहमांवर जाणे ही असामान्य गोष्ट नाही.

आलेखावर पाहिले असता डावीकडे एक शिखर, मध्ये एक दरी आणि उजवीकडे सतत चढत जाणारा उतार, असे एकूण चित्र दिसते. ‘८ ओहम’ हे नाव या चित्रातील केवळ दरीला कसेबसे लागू पडते.

३. फिल्टरचा हिशेब कोठे चुकतो

संरोध असा चढत-उतरत असला म्हणून बिघडले कोठे, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. एकच ध्वनिक्षेपक चांगल्या विवर्धकाला थेट जोडला असेल, तर फारसे काही बिघडत नाही, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. आधुनिक विवर्धकाचा अंतर्गत संरोध अत्यल्प असतो. संरोध कितीही बदलला तरी ध्वनिक्षेपकाच्या टोकांवरील दाब तोच राहतो. अडचण उद्भवते ती विवर्धक आणि ध्वनिक्षेपक यांच्या मध्ये दुसरे काही आले म्हणजे. आणि दोन एककांच्या पेटीत वाटणी करणारा फिल्टर हे दुसरे काही असतेच.

सर्वांत साध्या प्रकारात वूफरच्या आधी तारेचे एक वेटोळे, म्हणजे प्रवर्तक, जोडलेला असतो. तो वरच्या कंप्रता अडवितो. वाटणी २५०० हर्ट्झला करावयाची असेल आणि वूफर हा ६ ओहमचा शुद्ध रोधक आहे असे मानले, तर हा प्रवर्तक सुमारे ०.३८ मिलिहेन्रीचा यावा लागतो. या गृहीतानुसार ५००० हर्ट्झला वूफरवरील दाब ७ डेसिबेलने आणि १०,००० हर्ट्झला सुमारे १२.३ डेसिबेलने उतरावयास हवा. (दाब निम्मा होणे म्हणजे सुमारे ६ डेसिबेल उतरणे, हे प्रमाण लक्षात ठेवावे.)

आता वूफरची स्वतःची ०.७२ मिलिहेन्री प्रवर्तकता हिशेबात घेऊ. फिल्टरचा विरोध कंप्रतेबरोबर वाढतो, परंतु वूफरचा विरोधही त्याच चालीने वाढतो. दोघांतील दाबाची विभागणी त्यामुळे जवळजवळ गोठून जाते. हिशेब केला असता ५००० हर्ट्झला ही घट केवळ ३.५ डेसिबेल आणि १०,००० हर्ट्झला ३.७ डेसिबेल येते. कंप्रता कितीही वाढविली तरी ती यापुढे जात नाही. फिल्टर जागेवर आहे, त्याची किंमत अचूक आहे, जोडणीही निर्दोष आहे. तरीही तो आपले काम करीत नाही. कारण ज्या आकड्यावर विश्वास ठेवून तो घडविला तो आकडा त्या प्रदेशात खरा नाही.

श्रवणचाचणीवर याचा परिणाम दुहेरी होतो. ज्या पट्ट्यातून वूफरने निवृत्त व्हावे तेथे तो ट्वीटरबरोबर बोलतच राहतो, आणि मोठा शंकू त्या कंप्रतांना एकसंध हलत नसल्यामुळे त्याचे बोलणे ओबडधोबड असते. शिवाय एकच ध्वनी दोन ठिकाणांहून निघू लागला की श्रोत्याच्या जागेनुसार दोन लहरी कोठे एकमेकींना साहाय्य करतात तर कोठे एकमेकींना पुसून टाकतात. ४००० हर्ट्झच्या ध्वनीची लहरलांबी सुमारे ८.६ सेंटीमीटर असते. म्हणून दोन एककांपासूनच्या अंतरात सव्वाचार सेंटीमीटरचा फरक पडला तरी लहरी परस्परविरोधी होतात. पहिल्या बाकावरील श्रोता आणि कडेच्या बाकावरील श्रोता यांना एकाच च चे घर्षण निरनिराळ्या प्रमाणात ऐकू येणे यामुळे संभवते. त्यांच्या उत्तरांत भेद आढळला तर तो बोलीचा मानावा की बाकाचा?

४. पूरक मंडलाचे तत्त्व

या अडचणीवरील उपाय टेलिफोनच्या क्षेत्रातून आला, ही गोष्ट भाषाभ्यासकाला विशेष लक्षणीय वाटावी. माणसाचे बोलणे लांब तारांवरून नेताना त्यातील निरनिराळ्या कंप्रता निरनिराळ्या प्रमाणात क्षीण होतात आणि मागे-पुढे पडतात. अमेरिकेतील टेलिफोन कंपनीच्या सेवेत असलेले ऑटो झोबेल यांनी १९२३ साली तरंग-फिल्टरांच्या रचनेवर आणि १९२८ साली स्थिर रोध दाखविणाऱ्या मंडलांच्या साहाय्याने विकृती दूर करण्यावर प्रबंध प्रसिद्ध केले. ध्वनिक्षेपकाला समांतर जोडावयाच्या रोधक-धारित्र जोडीला आज त्यांच्याच नावाने झोबेल मंडल म्हणतात.

तत्त्व असे. वेटोळ्याचा विरोध कंप्रतेबरोबर वाढतो, तर धारित्राचा, म्हणजे बाजारात ज्याला कंडेन्सर किंवा कपॅसिटर म्हणतात त्याचा, विरोध कंप्रतेबरोबर घटतो. वेटोळ्यातील प्रवाह दाबाच्या मागे राहतो, धारित्रातील प्रवाह दाबाच्या पुढे धावतो. तेव्हा ध्वनिक्षेपकाच्या दोन टोकांना समांतर अशी दुसरी वाट द्यावी आणि तिच्यात एक रोधक व एक धारित्र एकापुढे एक जोडावेत. वेटोळे जितका प्रवाह नाकारील तितका या दुसऱ्या वाटेने जाईल, आणि बाहेरून पाहणाऱ्या फिल्टरला दोन्ही वाटा मिळून एक साधा रोधकच दिसेल.

यासाठी दोन अटी पुरेशा आहेत. पहिली, दुसऱ्या वाटेवरील रोध ध्वनिक्षेपकाच्या तारेच्या रोधाइतका असावा. दुसरी,

धारकता = प्रवर्तकता ÷ (रोध × रोध).

आपल्या उदाहरणात ०.७२ मिलिहेन्रीला ३६ ने भागले असता २० मायक्रोफॅरड येतात. म्हणजे ६ ओहमचा रोधक आणि २० मायक्रोफॅरडचे धारित्र. ३००० हर्ट्झला हे धारित्र केवळ सुमारे २.७ ओहमचा विरोध करते, वूफर १४.८ ओहमचा झालेला असला, तरी दोन्ही वाटांचा मिळून संरोध नेमका ६ ओहम भरतो. ३०० हर्ट्झला हिशेब करा किंवा १०,००० हर्ट्झला करा, उत्तर तेच येते. दोन्ही अटी पाळल्या असता कंप्रता ही राशी समीकरणातून सर्वस्वी लोप पावते, हे या मंडलाचे वैशिष्ट्य होय. हे मंडल जोडल्यावर ०.३८ मिलिहेन्रीचा पूर्वीचाच फिल्टर ५००० हर्ट्झला ७ आणि १०,००० हर्ट्झला १२.३ डेसिबेलची घट देऊ लागतो.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. हे मंडल आवाज ‘सुधारीत’ नाही. वूफरच्या टोकांवर जो दाब येईल त्याचे ध्वनीत रूपांतर कसे होते, यात ते ढवळाढवळ करीत नाही. ते केवळ फिल्टरला दिलेले वचन पाळते.

प्रत्यक्ष वूफरचा उतार मात्र या आदर्श हिशेबाहून थोडा निराळा असतो. गाभ्याच्या लोखंडात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होऊन ऊर्जा खर्च होते, आणि त्यामुळे संरोध शुद्ध प्रवर्तकाइतक्या वेगाने न वाढता अधिक मंदगतीने, कंप्रतेच्या वर्गमुळाकडे झुकणाऱ्या चालीने, वाढतो. जॉन व्हँडरकॉय यांनी १९८९ साली याचे गणिती प्रतिमान मांडले आहे. म्हणून सूत्राने आलेल्या किंमती हा आरंभबिंदू समजावा. पूरक वाटेवरील रोधक तारेच्या रोधाच्या सुमारे सव्वापट घेऊन धारित्राची किंमत प्रत्यक्ष मापनाने ठरवावी, असा प्रघात आहे.

५. अनुस्पंदनाचे शिखर

उजवीकडील चढ असा सपाट झाला, तरी डावीकडील शिखर राहतेच. वूफरच्या बाबतीत ते वाटणीच्या कंप्रतेपासून फार दूर असल्यामुळे सहसा त्रास देत नाही. ट्वीटरचे शिखर मात्र वाटणीच्या जवळच येऊन बसलेले असते.

उदाहरणार्थ, ६ ओहम रोधाच्या एखाद्या ट्वीटरचे अनुस्पंदन १००० हर्ट्झला असून तेथे संरोध १८ ओहमपर्यंत चढतो असे धरू. २५०० हर्ट्झच्या वाटणीसाठी त्याच्या आधी सुमारे १०.६ मायक्रोफॅरडचे धारित्र जोडले जाईल. ट्वीटर खरोखरच ६ ओहमचा असता, तर १००० हर्ट्झला त्यावरील दाब ८.६ डेसिबेलने उतरला असता. १८ ओहमांमुळे तो केवळ २.३ डेसिबेलने उतरतो. ज्या कंप्रतेला ट्वीटर सर्वाधिक हलू पाहतो, नेमक्या त्याच कंप्रतेला फिल्टरचा पहारा सुटतो. ही कंप्रता स्वरांच्या खालच्या घटकपट्ट्यांच्या शेजारची आहे; म्हणजे बिघाड व्यंजनांपुरता मर्यादित राहत नाही.

यावरील उपाय त्याच तत्त्वाचा विस्तार आहे. शिखराला दरी हा पूरक. रोधक, प्रवर्तक आणि धारित्र एकापुढे एक जोडलेली वाट विशिष्ट कंप्रतेला सर्वांत कमी विरोध करते. ती कंप्रता ट्वीटरच्या अनुस्पंदनाशी जुळवावी. वरील ट्वीटरचा विद्युत् गुणांक १ आणि यांत्रिक गुणांक २ असेल, तर ९ ओहम, सुमारे ०.९५ मिलिहेन्री आणि सुमारे २६.५ मायक्रोफॅरड या किंमती येतात. हे गुणांक ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७०नंतरच्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीने संरोधाच्या आलेखावरूनच काढता येतात.

हाच उपाय ५० हर्ट्झच्या वूफरला करावयाचा म्हटला तर काय होते? विद्युत् गुणांक ०.४ आणि यांत्रिक गुणांक ४ धरला, तर सुमारे ७.६ मिलिहेन्रीचे वेटोळे आणि १३०० मायक्रोफॅरडहून अधिक धारकता लागते. एवढे अवजड मंडल बहुधा कोणी बसवीत नाही, आणि दोन एककांच्या पेटीत त्याची आवश्यकताही क्वचितच असते.

६. मर्यादा

पूरक मंडलाकडून काय अपेक्षू नये हेही सांगितले पाहिजे. शंकूचे स्वतःचे दोष, खोलीतील प्रतिध्वनी, दोन एककांमधील अंतर यांपैकी कशावरही ते उपाय नाही. ते स्वतः काही शक्ती उष्णतेत घालविते; म्हणून रोधक पुरेशा वॅटचा असावा आणि धारित्र ध्रुवरहित असावे. शिवाय ते एका विशिष्ट अवस्थेसाठी जुळविलेले असते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. दीर्घकाळ मोठ्याने वाजवून वेटोळे १०० अंशांनी तापले, तर ६ ओहमचे ८.३ ओहम होतात आणि जुळणी ढळते. श्रवणचाचणी संभाषणाच्या सामान्य पातळीवर घ्यावी, या नियमाला असे एक विद्युत् कारणही आहे.

ज्या ध्वनिक्षेपकांत प्रत्येक एककाला स्वतंत्र विवर्धक असतो आणि वाटणी विवर्धकाच्या आधीच केलेली असते, त्यांत हा प्रश्नच उद्भवत नाही. कारण तेथे फिल्टर आणि वेटोळे यांची गाठच पडत नाही. प्रयोगशाळेसाठी नवे साधन घ्यावयाचे असल्यास हा प्रकार श्रेयस्कर होय. परंतु वर्गांत, सभागृहांत आणि क्षेत्रकार्याच्या ठिकाणी जुन्या पद्धतीच्या पेट्याच बहुधा हाती येतात, आणि त्यांच्यावरच चाचण्या होतात.

७. मापन आणि उपसंहार

संरोधाचा आलेख काढणे अवघड नाही. विवर्धक आणि ध्वनिक्षेपक यांच्या मध्ये १००० ओहमचा रोधक जोडावा. त्यामुळे प्रवाह जवळजवळ स्थिर राहतो आणि ध्वनिक्षेपकावरील दाब संरोधाच्या प्रमाणात बदलतो. ध्वनिक्षेपकाच्या जागी प्रथम १० ओहमचा अचूक रोधक ठेवून दाब मोजावा, मग ध्वनिक्षेपक जोडून २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत पायरीपायरीने शुद्ध स्वर देत दाब टिपावा. दोन्हींच्या गुणोत्तरावरून संरोध मिळतो. फिल्टर आणि एकक यांची ओळख स्वतंत्रपणे करून घ्यावयाची असेल, तर एकक पेटीतील जोडणीपासून सोडवून मोजावे. पूरक मंडल एककाला जोडून पुन्हा मोजले असता उजवीकडील चढ आडवा झालेला दिसला पाहिजे.

वरील विवेचनावरून श्रवणचाचण्यांच्या संदर्भात तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, दोन एककांची पेटी वापरली असल्यास तिच्या वाटणीची कंप्रता आणि पूरक मंडल आहे किंवा नाही, हे अहवालात नमूद करावे. दुसरी, घर्षक किंवा स्पर्शसंघर्षी ध्वनींची चाचणी असल्यास श्रोत्यांच्या बैठकीची जागाही उत्तराबरोबर नोंदवावी आणि जागेनुसार उत्तरे बदलतात का हे तपासावे. तिसरी, शक्य असेल तेथे तीच चाचणी दुसऱ्या प्रकारच्या साधनावर, निदान चांगल्या कर्णध्वनीवर, पुन्हा घ्यावी. दोन साधनांवर टिकलेला भेद भाषेचा मानण्यास अधिक आधार असतो.

टेलिफोनवर नाव सांगताना श आणि स यांचा घोटाळा होतो, तेव्हा आपण दोष बोलणाऱ्याला देत नाही. पारंपरिक टेलिफोन साधारणतः ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेतो, हे आपण जाणतो आणि ‘शहाजीतला श’ असे सांगून मोकळे होतो. वर्गातील पेटीच्या बाबतीत मात्र असे जाणणे सहज घडत नाही. कारण तिच्यातून सर्व कंप्रता ऐकू येतात, केवळ त्यांची प्रमाणे बदललेली असतात. संपूर्ण गळून पडलेला पुरावा लक्षात येतो, किंचित वाकलेला पुरावा येत नाही. सहा ओहमचा एक रोधक आणि वीस मायक्रोफॅरडचे एक धारित्र यांचे मोल, ते हा वाक काढून टाकण्यास साहाय्य करतात, यातच आहे.